कालचंच जेवण, आजचा आकडा वेगळा

परवा रात्री जे खाल्लं तेच काल रात्री खाल्लं, तेवढंच खाल्लं. गोळी वेळेवर घेतली, झोपायची वेळही तीच. तरी काल सकाळी रिकाम्या पोटी ११८ आणि आज १६४. (इथले सगळे आकडे रक्तातल्या साखरेचे, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले.) मीटरकडे बघताना पहिला प्रश्न उठतो, ‘काय चुकलं?’ आणि मन लगेच कालच्या दिवसाची झडती घ्यायला लागतं. ती दोन बिस्किटं नडली का? जेवणानंतरची फेरी राहिली, ती?

मधुमेहात गोळ्यांची, सुयांची, पथ्याचीसुद्धा सवय होते. सवय होत नाही ती रोज सकाळी निकाल हातात पडण्याची, आणि तोही अशा परीक्षेचा, जिच्यातले निम्मे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे असतात. म्हणून त्या निम्म्या प्रश्नांबद्दल लिहितो आहे.

सुरुवात मीटरपासून. घरच्या ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं जे आयएसओ मानक आहे, त्यात १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमचा आणि १०० च्या वर १५ टक्क्यांचा फरक मान्य आहे. म्हणजे खरी शुगर १५० असताना मीटरने १२८ दाखवलं किंवा १७२ दाखवलं, तरी तो नियमात बसतो. लागोपाठ दोनदा बोट टोचून १४१ आणि १५४ आले तर मीटर बिघडलेला नाही आणि तुमचंही काही बिघडलेलं नाही. त्यात आपल्या हातून होणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. फळ सोललेल्या बोटावर राहिलेला रस आकडा भलताच फुगवतो, आणि सॅनिटायझरने तो पुरता निघत नाही. साबण आणि पाणीच हवं. हात नीट कोरडे करा, ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. बोट पिळून पिळून थेंब काढला तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं. टोचायचं ते बोटाच्या टोकाला कडेने, मधोमध नाही. मधोमध दुखतं जास्त. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर हात धुऊन पुन्हा तपासा, मगच काय ते ठरवा.

सकाळची शुगर वाढण्याचं सगळ्यात सामान्य कारण मात्र ताटात सापडत नाही. पहाटे, साधारण तीन ते आठच्या दरम्यान, शरीर उठण्याच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं, यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्यांचं स्वादुपिंड तेवढं इन्शुलिन वाढवून हिशेब जुळवतं. आपल्याकडे तो जुळत नाही. खरी चूक होते ती यानंतर. माणूस रात्रीचं जेवण आणखी कमी करतो. पहाटेची वाढ त्याने थांबत नाही, पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी इन्शुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर मध्यरात्री शुगर उतरण्याची सोय होते. त्यापेक्षा दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर असं तीनदा तपासा. झोपतानाच जास्त असेल तर जेवण किंवा संध्याकाळचा डोस बघायला हवा. तीनला ठीक आणि सकाळी जास्त, तर पहाटेची वाढ. तीनला कमी, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. हे सहा ते नऊ आकडे एका कागदावर नेले तर डॉक्टरांना सहा महिन्यांच्या वहीपेक्षा जास्त कळतं.

बाकीची कारणं भराभर सांगतो. एक रात्र झोप मोडली की दुसऱ्या दिवशी इन्शुलिन कमी काम करतं. ताप, दाढेचा गळू, लघवीचा संसर्ग यांनी शुगर चढते, कधी कधी ताप जाणवायच्या आधीच. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींचे आकडे वर असतात. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त; त्या खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं की पुढचे काही दिवस शुगर वर राहते. ही गोष्ट इंजेक्शनच्या आधी विचारून ठेवा, नाहीतर तो आठवडा स्वतःला बोल लावण्यात जातो. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन बंद करू नका. टाइप १ मध्ये, जिथे शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही, तर कधीच नाही. खाल्लं नाही तरी शरीराला मूळ इन्शुलिन लागतंच, ते तुटलं की कीटोन (चरबी जाळल्याने तयार होणारी आम्लं) वाढतात. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जोरात चालत असेल तर घरी वाट बघायची नाही. मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या मात्र उलट्या-जुलाबात बहुधा थांबवायला सांगतात. ते आजारी पडण्याआधीच विचारून, लिहून ठेवलेलं असावं.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी आहाराची झडती घेण्याआधी पोट चाचपून बघावं. रोज एकाच जागी टोचलं की तिथे चरबीची मऊ, रबरासारखी गादी तयार होते, कारण इन्शुलिन स्वतःच चरबी वाढवतं. डोळ्यांना ती दिसेलच असं नाही. ओल्या, साबण लावलेल्या बोटांनी फिरवून बघितलं की लागते. गंमत अशी की तिथे दुखतं कमी, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. पण त्या गादीतून इन्शुलिन आज अर्धं शोषलं जातं आणि उद्या पूर्ण. आकडे वर-खाली नाचायला लागतात, डोस वाढत जातो. अशी गाठ सापडली तर जागा बदलायची, पण डॉक्टरांना सांगून. चांगल्या जागी तोच डोस पूर्ण लागू पडतो आणि शुगर धाडकन उतरू शकते.

जागा बदलण्याचा सोपा हिशेब: पोटाचे चार भाग मनात आखा, बेंबीभोवतीची दोन-तीन बोटं सोडून. एक भाग एक आठवडा. त्या भागातही आधीच्या टोचण्यापासून बोटभर अंतर. इन्शुलिनच्या पेनला चार मिलिमीटरची सुई बहुतेक प्रौढांना पुरते, सरळ टोचायची. दर वेळी सुई नवी, आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का ते बघायचं, आणि बटण पूर्ण दाबल्यावर सुई काढायच्या आधी दहा अंक मोजायचे. सुई पेनवर तशीच ठेवली तर हवा आत शिरते आणि औषध गळतं. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं तरी फेकायचं.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते, शुगर लो होणं. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि माणूस चिडतो. ती चिडचिड स्वभाव नसते. मेंदूला ग्लुकोज पुरत नसतं. घरच्यांनी त्या पाच मिनिटांतलं बोलणं हिशेबात धरू नये, आणि ज्याला झालं त्यानेही नंतर माफी मागत बसू नये.

उपाय सगळ्यांना पाठ असतो: १५ ग्रॅम पटकन लागू पडणारी साखर, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. म्हणजे साखरेचे तीन भरलेले लहान चमचे पाण्यात, किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर हळू पोचवते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी घरची साखर वापरून वेळ घालवू नये; या गोळ्या साखर फोडण्याचंच काम मंद करतात. त्यांना नुसतं ग्लुकोजच हवं. पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर थोडं काही खाऊन घ्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही; कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची.

पाठ असूनही हे फसतं, आणि फसतं ते मधल्या १५ मिनिटांत. त्या वेळी शरीर जिवाच्या आकांताने ‘खा’ म्हणत असतं. माणूस फ्रिजपाशी उभा राहून हाताला लागेल ते खातो, दोन तासांनी शुगर २८०, मग ती उतरवायला जास्तीचं इन्शुलिन, मग पुन्हा लो. याला हावरटपणा म्हणणाऱ्यांनी एकदा ५० चा आकडा अनुभवलेला नसतो. संयमावर भिस्त ठेवण्यापेक्षा १५ ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून ठेवा, उशाशी, पिशवीत, गाडीत. एक पुडी संपली की घड्याळ बघायचं, आणि शक्यतो स्वयंपाकघराबाहेर बसायचं. शुगर वर आली तरी तासभर अंग गळून गेलेलं असतं, विचार सुचत नाही. आकडा ठीक झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नये.

एकदा जोराचा लो झाला की त्याची भीती बसते आणि कित्येक जण मुद्दाम शुगर वर ठेवतात. हे बेशिस्तपण मानून ओरडण्याऐवजी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ते विचारून काढलं पाहिजे, कारण डोस बदलून त्यावर इलाज होतो. शुगर महिनोन् महिने ३०० असलेल्याला १३० लाही थरथर होते. शरीराला उंचावरची सवय लागलेली असते. तपासून बघा, १३० असेल तर साखर खायची गरज नाही, काही आठवड्यांत ते ओसरतं. याच्या उलट ज्यांना वारंवार लो होतो त्यांच्या खुणाच हरवतात, थेट भोवळ. काही आठवडे लो काटेकोरपणे टाळले तर त्या बऱ्याच अंशी परत येतात.

चष्म्याचं तेवढं सांगायला हवं. शुगर मोठ्या प्रमाणात वर-खाली झाली की डोळ्याचं भिंग पाणी धरतं किंवा सोडतं, नंबर बदलतो. उपचार सुरू केल्यावर अंधुक दिसायला लागलं तर माणूस घाबरून औषध सोडतो. शुगर महिना-दीड महिना स्थिर झाल्यावरच नवा चष्मा करा. पण डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा पडदा आला तर ते प्रकरण वेगळं, त्याच दिवशी दाखवायचं.

पावलं रोज बघायची, तळव्यांसाठी आरसा. बोटांच्या बेचक्यांत क्रीम नको, बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. संवेदना गेलेल्या पायाला खडा कळत नाही.

या सगळ्याचा जो शीण येतो त्याला नाव आहे, डायबेटिस डिस्ट्रेस. विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजायला २० प्रश्नांची ‘पेड’ प्रश्नावली मांडली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, बेरीज गुणिले १.२५, ४० किंवा जास्त आले तर बोलायची वेळ झाली. हे नैराश्यच असेल असं नाही. आजाराच्या कटकटीचा भार असेल तर औषधयोजना सोपी करून, तपासण्या कमी करूनही तो हलका होतो. टाइप २ मध्ये आणि डोस स्थिर असताना दिवसातून सहा वेळा बोट टोचून काही बदलणार नसेल, तर त्याऐवजी एकाच जेवणाच्या आधी आणि दोन तासांनंतर असे दोनच आकडे घ्या, आठवडाभर, मग दुसरं जेवण.

राहिला प्रश्न घरच्यांचा. ‘हे चालतं का तुला?’ हे चारचौघांत ताटाकडे बघून विचारलं की माणूस पुढच्या वेळी लपून खातो. त्यापेक्षा एखाद्या शांत दिवशी दोनच गोष्टी ठरवून टाकाव्यात. लो झाल्यावर कोणी काय आणून द्यायचं, ही पहिली. दुसरी, मीटरवर आकडा दिसला की ‘किती आली?’ हे विचारायचं की नाही.