तुम्ही विचारलंत म्हणून: ती आमरी नेमकी आहे कुठे?

आमरी म्हणजे ऑर्किड. शाळेच्या शिपायापासून पुण्याच्या फोटोग्राफरपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न. "मॅडम, ती आमरी नेमकी कुठं सापडली?" मी सांगते, कोयनेच्या जंगलात. समोरचा हसतो. चारशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं अभयारण्य, त्यात "जंगलात" म्हणजे काय? "नीट सांगा की." नाही सांगत. मग मी शिष्ट ठरते. एकाने तर तोंडावर विचारलं, "तुमच्या बापाची आहे का?" माझ्या बापाची पाटणच्या डोंगरउतारावर दीड एकर जमीन आहे आणि तिच्यात नाचणीशिवाय काही येत नाही. आमरी तिथे नाही, उगाच शोधत फिरू नका.

आधी एक चूक दुरुस्त करते. "शिक्षिकेने शोधली नवी वनस्पती" असं छापून आलं होतं. नवी नाही. हबेनारिया म्हणतात त्या आमरींच्या गटातली आहे, जुन्या नोंदींत आहे, फक्त मोजक्याच ठिकाणांहून. पुढचं नाव लिहिलं तर जाणकार माणूस दोन रविवारांत तो सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं ते कातळाचं पठार, हुडकून काढेल, म्हणून इथेही लिहीत नाही. आणि शोध म्हणाल तर आमच्याबरोबर वनखात्याचे रोजंदारीवरचे मामा होते, ते तिला लहानपणापासून बघत आलेत. मी नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला ठिवायचं? गुरं खात न्हाईत, माणसं खात न्हाईत."

त्या ऑगस्टमध्ये एका कॉलेजचे सर रीतसर परवानगी काढून सर्वेक्षणाला आले होते आणि स्थानिक म्हणून मी सोबत गेले होते. धुकं असं की पुढे चालणाऱ्या मामांचं इरलं तेवढं दिसायचं. सड्यावर कातळाच्या खळग्यात टीचभर माती, त्यात वीतभर दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. प्रत्येक फुलामागे मधाची बारीक लांब नळी लोंबत होती, आणि एका नळीच्या टोकाला मध साचलेला उजेडात दिसत होता. आम्ही मोजली. अकरा झाडं.

सड्यावरून उतरल्यावर फोनला रेंज आली आणि मी झाडं-वेलींच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. सोबत लोकेशनची पिन. खाली लिहिलं, "हा आपल्या सगळ्यांचा ठेवा आहे." ते वाक्य अजून फोनमध्ये आहे, पुसलेलं नाही. तेव्हाची मी अगदी मनापासून मानायची की लोकांना दाखवलं की लोक जपतात. शाळेत मुलांनाही हेच शिकवत होते.

गौरी-गणपती झाल्यावर मी आणि मामा पुन्हा वर गेलो. तीन झाडं उभी होती. बाकी खड्डे. मुठीएवढे, कडा सरळ कापलेल्या, आत पावसाचं पाणी. मी आधी साळिंदरावर घेतलं, कारण कांदे उकरणं हे त्याचं कामच. मामा उकिडवे बसले, एका खड्ड्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "साळू कांदा खाती, पानं टाकून जाती. हितं पानं कुठायत?" पानं नव्हती. रानडुकराने केलं असतं तर सगळी माती उलटीपालटी झाली असती. मी तरी पुन्हा डुकराचंच नाव घेतलं. मामा काही बोलले नाहीत, नुसते इरलं सारखं करत बसले.

मग मी खड्डे मोजले. आठ. अकरातून तीन गेली की आठ, हिशेब बरोबर. पण त्या आठांतला एक आमचा होता. सरांनी हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, एक झाड कांद्यासकट घेतलं होतं. परवान्यात तसं लिहिलेलं होतं, चोरी नव्हती. वर्तमानपत्रात दाबून, नंबर लावून ते नीट ठेवलेलंही आहे. पण खुरपं मी चालवलं होतं, आणि आता आठांतला आमचा खड्डा कुठला ते मला ओळखता येईना. तो वेगळा दिसेल असं मला का वाटलं होतं, कोण जाणे.

पिन पाहून कोणी आलं होतं का? पुरावा नाही. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं, मी कोणाकडे बोट दाखवू? पण ज्याने नेलं असेल त्याच्या कुंडीत ते जगलं नसणार, एवढं सांगते. या जमिनीवरच्या आमरीचा जुना कांदा फुलं काढण्यात संपतो आणि शेजारी पुढच्या पावसाळ्याचा नवा भरत असतो. भर पावसात उपटलं की दोन्ही गेले. बी तर धुळीसारखं, आत अन्नाचा कण नाही, मातीतली बुरशी भेटली तरच रुजणार. ती बुरशी नर्सरीत मिळत नाही.

आता तुमचा मुद्दा, की जागा लपवू नये. तो मला कळत नाही असं समजू नका, रात्री मीच माझ्याशी तो मांडते. हबेनारिया पंचगनिएन्सिस घ्या, नावातच पाचगणी. वायतुरा नावाच्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात सातारा. शास्त्र पत्ता लपवत नाही, पत्त्याशिवाय नोंदीला किंमत नाही. कासला 2012 मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसला, गर्दी लोटली, हे खरं. पण आजूबाजूच्या गावांची माणसं तिथे राखणीला उभी राहिली हेही खरं. आणि वनकुसवडे, चाळकेवाडीच्या सड्यांवर पवनचक्क्या आल्या, तिथल्या कातळावर आधी काय काय उगवत होतं याची पुरती यादी कोणाकडे होती? उद्या आमच्या सड्यावर काही आलं तर मी काय सांगणार, इथे एक झाड आहे पण कुठे ते सांगत नाही?

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती पिन कोणी जपून ठेवली असेल ते सोडलं, तर वनखात्याच्या साहेबांना जागा माहीत आहे, सरांना आहे, मामांना आहे. चौथी मी. एवढ्यावर मी सध्या थांबलेय, आणि याला धोरण वगैरे म्हणू नका, ही भीती आहे.

त्यानंतर मी वर गेलेले नाही. जाऊन-येऊन पायवाट पडते, असं कारण देते. यंदा जुलैत मामांचा फोन आला होता.

"पानं आल्यात."

"किती?"

"तुम्हीच येऊन मोजा की," म्हणाले, आणि रेंज गेली.