सोसायटीचा ओला कचरा आवारातच जिरवायचा, आमचं कसं जमलं

कोथरूडमधली आमची सोसायटी तशी जुनी. तीन बिल्डिंगा, चार मजले, सगळे मिळून ४८ फ्लॅट. मध्ये दोन मोठे रेनट्री आणि मागच्या भिंतीला लागून एक कडुनिंब. आमच्याकडचा ओला कचरा आता गेटबाहेर जात नाही. सगळा मागच्या बाजूला विटांच्या हौदात जातो, त्याचं खत होतं आणि ते आमच्याच कुंड्यांत, झाडांना पडतं. हे कसं झालं ते सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना आपल्या सोसायटीत हे करायचंय आणि गाडी सगळ्यांची एकाच ठिकाणी अडते, मीटिंगमध्ये.

मला स्वतःला हे मनापासून करावंसं वाटलं त्याचं कारण फुरसुंगी आणि उरुळी देवाची, पुण्याचा कचरा डेपो जिथे झाला ती गावं. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे गेली, त्यामुळे डेपोच्या वासाबद्दल आणि विहिरींच्या खराब झालेल्या पाण्याबद्दल मी पेपरात वाचायच्या आधी तिच्या तोंडून ऐकलंय. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या गावात नेऊन टाकला. गावकऱ्यांनी कित्येकदा गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडल्या की इकडे आपल्या चौकाचौकात ढीग लागायचे आणि मग आपल्याला कचऱ्याचा प्रश्न दिसायचा. भाजीची देठं, केळ्याची सालं, उरलेला भात यातलं काहीच डेपोत जायची गरज नसते. डेपोत प्लास्टिकच्या पिशवीत दाबून बसलं की तिथे हवा नाही, मग ते नुसतं सडतं, मिथेन तयार होतो, काळं पाणी जमिनीत मुरतं. तेच आपल्या आवारात हवा लागून कुजलं तर माती होते. एवढी साधी गोष्ट आहे आणि तरी आपण ती ट्रकमध्ये भरून दुसऱ्याच्या गावात पाठवतो, याचा मला खरंच त्रास व्हायचा.

तर मीटिंग. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय मांडला आणि ठरलेले आक्षेप आले, वास येईल, उंदीर होतील, चिलटं होतील, आम्ही टॅक्स भरतो मग हे महापालिकेचं काम आहे. त्यात एका सभासदांनी मशीनचं माहितीपत्रक आणलेलं, २४ तासात खत, बटण दाबा आणि विसरा. मी असं मशीन एका ओळखीच्या सोसायटीत जाऊन बघून आले होते. ते कचरा तापवून वाळवतं आणि बारीक करतं म्हणून तो कमी दिसतो, पण ती भुकटी म्हणजे खत नव्हे, तिला पाणी लागलं की ती परत कुजायला लागते. वीजबिल वेगळं आणि बिघडलं की मेकॅनिकची वाट बघा. कुजण्याचं काम जिवाणू फुकट करतात त्यासाठी आपण हीटर का लावायचा हे मला आजही कळत नाही. मीटिंगमध्ये मी हेच म्हटलं आणि मशीन मागे पडलं.

खरा आक्षेप एकच होता आणि तो तळमजल्यावरच्या काकूंचा. हौद जिथे करायचे म्हणत होतो तिथून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी जवळ होती. बाकी सगळे चर्चा करत होते पण वास आलाच असता तर तो त्यांना आला असता. मग आम्ही काही जण त्यांच्याबरोबर आवारात फिरलो, वारा कुठून येतो, सावली कुठे, पाणी कुठे साचतं ते त्यांनीच दाखवलं, जागा बदलून कडुनिंबाखाली घेतली, आणि मिनिट्समध्ये लिहून टाकलं की काकूंना वास आला तर त्यांच्या एका शब्दावर काम थांबेल, त्यावर मतदान नाही. त्यानंतर ठराव पास व्हायला वेळ लागला नाही. ज्याला त्रास व्हायची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच्या हातात अधिकार द्या, हे मी कुठल्याही सोसायटीला आधी सांगेन.

दुसरी गोष्ट मावशींची. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी 'स्वच्छ' संस्थेच्या आहेत. पुण्यात ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली, बाबा आढावांचं तिला पाठबळ होतं, आणि त्यातून पुढे कचरावेचकांच्या मालकीची ही सहकारी संस्था उभी राहिली जी २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करते. मावशींची आईसुद्धा हेच काम करायची, तेव्हा ओळखपत्र वगैरे काही नव्हतं, कचराकुंडीत उतरून वेचायचं. त्यामुळे कचऱ्याबद्दल आमच्या अख्ख्या कमिटीला मिळून जेवढं कळतं त्यापेक्षा मावशींना एकटीला जास्त कळतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "वहिनी, खताचं नंतर बघू, आधी तुमचं सुकं सुधरा. सुक्यात चहाचा चोथा असतोच कुणाचा तरी. पुठ्ठा एकदा भिजला की भंगारवाला भाव पाडतो, आन घाण मी निवडायची."

मग आम्ही आधी तेच केलं, खत वगैरे बाजूला ठेवून. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओलं, सुकं आणि घरातलं घातक असं वेगळं करून द्यायला सांगितलेलंच होतं, पण नियम गेटवर चिकटवून कोणी वाचत नाही. एका रविवारी मावशींनी पार्किंगमध्ये ताडपत्रीवर एका दिवसाचं सुकं पसरलं आणि एकेक वस्तू उचलून सांगितलं, हे विकतं, हे विकत नाही. पुठ्ठा, पेपर, पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, दुधाच्या पिशव्या हे विकतं. वेफर आणि बिस्किटाची चकचकीत पाकिटं जवळजवळ काहीच देत नाहीत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, नाहीतर तो चिमुकला तुकडा कुठे जातो ते कोणालाच माहीत नसतं आणि शेवटी गटारात सापडतो. पिशवी विसळून वाळवून द्यायची. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर लिहायचं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, म्हणजे हात घालायच्या आधीच कळतं. हे ऐकताना सगळे गप्प होते. रोज हे कोणीतरी हाताने उघडतं हे आपल्याला माहीत असतं पण डोळ्यासमोर आलेलं नसतं. आमच्याकडे वर्गीकरण त्या रविवारनंतर सुधारलं, पोस्टर आणि व्हॉट्सॲप मेसेजनी जे झालं नव्हतं ते.

पैशाचं पण तेव्हाच ठरवलं. हौदाचं काम म्हणजे रोजचा तासभर, ते मावशींच्या नेहमीच्या कामात फुकट घुसडायचं नाही. दर फ्लॅटला महिन्याला १०० रुपये मेंटेनन्समध्ये वेगळी ओळ म्हणून, त्याचे सगळे ४८०० मावशींना. हातमोजे, गमबूट, रेनकोट सोसायटीचे, साबण आणि नळ तिथेच, सुकं निवडायला शेडखाली जागा. रविवारी मावशींना सुट्टी, त्या दिवशी पाळीपाळीने दोन फ्लॅट काम करतात. शंभर रुपयांवर कुरकुर करणारे होतेच, पण रविवारची पाळी एकदा केली की कुरकुर बंद होते असं दिसलं.

आता प्रत्यक्ष खताचं. विटांचे चार हौद, प्रत्येक साधारण तीन फूट लांब रुंद उंच, विटा मध्ये फट ठेवून रचलेल्या म्हणजे हवा खेळते, आतून बारीक जाळी उंदरांसाठी, वर पत्रा. तळाला काटक्या आणि करवंट्या, निचरा व्हावा म्हणून. त्यावर वाळकी पानं, मग ओला कचरा, मग मूठभर तयार खत आणि परत पानं. तयार खत म्हणजे इथलं विरजणच, पहिल्या वेळी बाहेरून आणलं किंवा शेणकाला वापरला तरी चालतो, नंतर आपलंच आपल्याला पुरतं. बाजारातल्या कल्चरच्या, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या आम्ही काही दिवस वापरल्या आणि बंद केल्या, फरक पडला नाही. आठवड्यातून एकदा दाताळ्याने वरखाली करायचं. मूठ दाबली तर ओलसर लागलं पाहिजे पण पाणी गळलं नाही पाहिजे, ही एकच परीक्षा पुरते. एक हौद भरला की दुसरा, चौथा भरेपर्यंत पहिला चाळायला तयार.

सगळं गणित पानांचं आहे. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, वाळक्या पानांत कार्बन जास्त, आणि जिवाणूंना साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असं लागतं. पानं कमी पडली की अमोनियाचा झणझणीत वास, ओल जास्त झाली की सडक्या अंड्यासारखा. दोन्हीवर उपाय तोच, पानं घाला आणि हलवा. पूर्वी आमचा वॉचमन थंडीत हीच पानं कोपऱ्यात पेटवायचा, धूर सगळ्यांच्या घरात. आता त्याच पानांची आम्ही पोती भरून ठेवतो.

आणि पोती का, तर पानं गळतात उन्हाळ्याच्या तोंडावर आणि गरज लागते पावसाळ्यात, हे आम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळलं. जुलै सरता सरता कोरडी पानं संपली, वरून आंब्याचा सीझन होऊन गेलेला, कोयी आणि सालं भरपूर, आणि एके सकाळी काकूंनी खाली येऊन सांगितलं की वास येतोय. ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी काम थांबलं, कोणी वाद घातला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एका बंगल्यात शेडमध्ये पानांची पोती पडून होती, त्यांना ती नकोच होती, आम्ही टेम्पो करून आणली, हौद उपसून परत थर दिले आणि काकूंनी स्वतः येऊन हो म्हटल्यावर सुरू केलं. तेव्हापासून फेब्रुवारी ते एप्रिल पानं गोळा करणं हे पोरांचं काम, सुट्टीत तर त्यांना हवंच असतं, आणि जिन्याखाली पोती रचलेली असतात. शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा हेही चालतं.

अळ्यांबद्दल मुद्दाम लिहितेय कारण तिथे बऱ्याच सोसायट्या घाबरून बंद करतात. पावसाळ्यात हौदात मोठ्या करड्या अळ्या होतात, ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणून काळी माशी असते तिच्या. दिसायला किळस येते, मान्य. पण त्या चावत नाहीत, त्यांची मोठी माशी घरात येऊन अन्नावर बसत नाही, आणि त्या कचरा इतक्या झपाट्याने संपवतात की बघत राहावं. मावशींनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "राहू द्या त्यांना, त्याबी कामालाच आल्यात." औषध मारायचं नाही, वर पानांचा थर वाढवायचा.

बाकी गोष्टी एकातून एक निघत गेल्या. संत्र्या-लिंबाची सालं हौदात फार झाली तर आंबट होतं, म्हणून त्यांचं बायोएन्झाइम, म्हणजे सालं आंबवून केलेलं सफाईचं पाणी, १ भाग गूळ, ३ भाग सालं, १० भाग पाणी, तीन महिने, सुरुवातीला झाकण रोज सैल करून गॅस सोडायचा. जिने त्यानेच पुसतो. गणपतीतलं निर्माल्य दोरे आणि प्लास्टिक काढून हौदात जातं. सोसायटीच्या जेवणांसाठी स्टीलची ताटं-वाट्या-पेले वर्गणी काढून घेतले, २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली तरी कागदी-प्लास्टिक काहीतरी येतच राहायचं, ते थांबलं. आता ही भांडी बारशाला, मुंजीला लोक घेऊन जातात आणि घासून परत आणतात.

माझ्या घरात काय बदललं तर खरेदी. कचरा रोज बघायला लागलं की दुकानात हात आपोआप थांबतो. दही आणि चक्का डेअरीतून डब्यात, पीठ गिरणीतून, भाजीला कापडी पिशव्या. अन्न वाया जाणं कमी झालं कारण उरलेली आमटी हौदाला चालत नाही, खारट-तेलकट आणि पातळ, मग अंदाजानेच करायला लागले. सासूबाई म्हणतात त्यांच्या वेळी हे असंच होतं, आणि खरंच होतं.

खत सगळ्यांना वाटून उरतं ते रस्त्याकडेच्या झाडांना घालतो. मिळकतकरात सवलतीसाठी अर्ज केलाय, खत प्रकल्प चालू असेल तर महापालिका ती देते, त्याची तपासणी व्हायचीय.

डायपर आणि चकचकीत पाकिटांचं मात्र आमच्याकडे अजून काही उत्तर नाही, ती तशीच गाडीत जातात. दोन घरांनी बाळासाठी कापडी लंगोट सुरू केलेत, बाकीच्यांना मी आग्रह करत नाही, नोकरी करणाऱ्या आयांवर अजून एक काम टाकायचं माझ्या मनात येत नाही. नारळाच्या शेंड्या आणि जाड फांद्या मागे साठत चालल्यात, एका सोसायटीला श्रेडर, म्हणजे फांद्या बारीक करायचं यंत्र, परवडत नाही म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोलणं चालू आहे, तिघांत मिळून एक घ्यायचा आणि तो कोणाच्या आवारात ठेवायचा, आवाज कोणाच्या खिडकीला जाईल, हे ठरवायला काकू आणि मावशी दोघींनाही मीटिंगला बोलावलंय.