मेलेला उठला, हे पटवता कसं?

'अहो, तुम्ही लॅबमध्ये नोकरी केलीत, आणि मेलेला येशू ख्रिस्त परत उठला म्हणता? आजच्या पोरांना हे पटवणार कसं?' मिरजेत मला हे हमखास विचारतात, बहुतेक वेळा चेष्टेत. तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून सांगतो.

'सगळं चांगलं होईल' ही ख्रिस्ती आशा नव्हे. ते ज्योतिषीही सांगतो. नोकरी लागेल, गाठ विरघळेल, असं वचन आम्हाला कुणी दिलेलं नाही. काही सभांतून तसं सांगतात खरं, आणि म्हणूनच शहाणी माणसं लांब पळतात. आमचं सगळं एका घटनेवर उभं आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, हे सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल यानं स्वतःच करिंथ शहरातल्या मंडळीला लिहून ठेवलंय. ते पत्र साधारण इ.स. 55 चं, म्हणजे घटनेला पंचवीसएक वर्षं झालेली. त्यात तो साक्षीदार सांगतो: पाचशेंहून अधिक जणांनी पाहिलं, त्यांतले बहुतेक हयात आहेत. म्हणजे जा, विचारा! शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, रिकामी कबर आधी पाहतात त्या बायका, ज्यांच्या साक्षीला तेव्हा फारसं वजन नव्हतं. रचायचंच असतं तर कुणी असं रचलं नसतं. यानं सिद्ध होतं का? नाही. पण 'मानला तर देव, नाही तर दगड' असा हा मामला नाही, एवढं तरी समोरच्याला कळतं.

आणि उठला तो देहासकट. हे आमचे उपदेशक घाईत उरकतात. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये इथं दवाखाना उघडला. पुढं कुष्ठरोग्यांचीही सोय झाली. त्या रोगावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. बरा न होणारा पाय रोज धुऊन बांधायचा, तो कशाच्या जोरावर? देह ही फेकून द्यायची चीज नाही, देवाला तो परत उठवायचाय, या जोरावर. हे ऐकून नास्तिक माणूसही क्षणभर थांबतो.

साहेबी थाटात मात्र सांगू नये. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्याला होते, अभंग-कीर्तनातून सांगत. तेवढी प्रतिभा आपल्याकडे नाही, निदान मराठी तरी घरची वापरावी.

आजाऱ्याच्या उशाशी मी यातलं काहीच बोलत नाही. प्रार्थना करू का, एवढं विचारतो. नको म्हणाला तर रिपोर्ट आणून देतो, तांब्या भरून ठेवतो. अंथरुणाला खिळलेल्याला गाठून प्रचार करणं मला हलकटपणा वाटतो. तुम्ही धडधाकट आहात. वाद घालायला रविवारी दुपारी या. सकाळी उपासना असते.