ओंडक्याखालची माती: सेल्युलोज फोडणाऱ्या बुरशीच्या शोधात

पायवाटेलगतची माती आम्ही घेतलीच नाही, थेट पडलेल्या ओंडक्यांकडे वळलो. एक ओंडका उलटवला. खालचं लाकूड बोटांनी चुरगळत होतं आणि जिथे ते मातीला टेकलं होतं तिथे पांढऱ्या तंतूंची जाळी पसरली होती. सेल्युलोजवर, म्हणजे लाकूड-पाल्यातल्या मुख्य तंतुमय घटकावर, जगणारी बुरशी हवी असेल तर नमुना अशाच जागेचा घ्यावा. सुका पाचोळा सारून वरच्या पाच-दहा सेंटीमीटरमधलीच माती घ्या आणि दर नमुन्याआधी खुरपं स्पिरिटने पुसा. ओलाव्याने शाई फुटते, म्हणून जागा, खोली, तारीख पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहा. जंगल संरक्षित असेल तर परवानगी आधीच काढा.

नमुने थंड पेटीतून आणले आणि आल्या आल्या कामाला घेतले. माती निर्जंतुक पाण्यात टप्प्याटप्प्याने हजार ते दहा हजार पट पातळ करून रोझ बंगाल अगारवर (रोझ बंगाल हा रंग घातलेल्या, बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) पसरवली. त्यातल्या क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे जिवाणू वाढत नाहीत, तर रोझ बंगालमुळे रायझोपससारख्या भराभर पसरणाऱ्या बुरशीला लगाम बसतो. प्लेटा अंधारातच ठेवा. उजेडात हा रंग बुरशीलाच मारक ठरतो.

वेगळ्या केलेल्या बुरशी मग सीएमसी अगारवर, म्हणजे सेल्युलोजचं पाण्यात विरघळणारं रूप घातलेल्या अगारवर. वाढ झाल्यावर ०.१ टक्का काँगो रेड हा लाल रंग पंधरा मिनिटं आणि नंतर १ मोलर मिठाच्या पाण्याने धुणं. रंग सेल्युलोजच्या लांब साखळ्यांना धरून राहतो. साखळ्या तुटल्या असतील तिथे लाल पार्श्वभूमीवर फिकट वलय उमटतं. ते पाहताना खरोखर हरखून जायला होतं! रंग ओतण्याआधी प्रत्येक बुरशीची प्रत दुसऱ्या प्लेटवर हवीच. हातमोजेही हवेत, कारण काँगो रेड बेंझिडिन या कर्करोगकारक रसायनापासून बनतो.

पण नुसत्या वलयावर निवड करू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. सीएमसी विरघळणारं असतं, त्यामुळे तिथे मुख्यतः एंडोग्लुकानेज, म्हणजे साखळी मधूनच तोडणारं विकर, दिसतं. स्फटिकी, म्हणजे घट्ट रचलेलं, सेल्युलोज फोडायला एक्सोग्लुकानेज (साखळी टोकाकडून तोडणारं) आणि बीटा-ग्लुकोसिडेज (उरल्या तुकड्यांचं ग्लुकोज करणारं) यांचीही जोड लागते. आमच्याकडे सर्वांत मोठं वलय देणाऱ्या बुरशीने फिल्टर पेपरची (हा जवळपास शुद्ध सेल्युलोज) पट्टी जेमतेम मऊ केली, तर मध्यम वलयाच्या ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीने तिचा लगदा केला. उद्योगात अशी विकरं बनवायला वापरतात त्या ट्रायकोडर्मा रीसीचा मूळ वाण क्यूएम६ए दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर कुजणाऱ्या लष्करी कापडावर सापडला होता, म्हणजे तोही घट्ट सेल्युलोजवरच पोसलेला.

पट्टीची चाचणी सोपी आहे. क्षारांच्या द्रवात कार्बनचा स्रोत म्हणून फक्त फिल्टर पेपर ठेवायचा, बुरशी सोडायची आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा. शेजारी बुरशी न घातलेली एक नळी ठेवा, म्हणजे पट्टी नुसती भिजून सुटली की खरंच पचली, हे ताडून पाहता येतं.