ओवाळणीतली गुप्ती

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ओवाळणीच्या तबकात पाकिटाऐवजी एक काळी, लांबट डबी ठेवली. आत एक पेन होते. ते उचलताच हे साधे प्रकरण नव्हे एवढे हाताला कळले. नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिले तर ते ४२ ग्रॅम भरले, आणि फ्रिजवर कायम पडलेले आमचे नेहमीचे बॉलपेन त्याच काट्यावर जेमतेम ६ ग्रॅम. "ताई, हे टॅक्टिकल पेन आहे," भाऊ गंभीरपणे म्हणाला. "रात्री उशिरा येतेस, पर्समध्ये असू दे." त्यावर आईने निरांजनाची वात सारखी करता करता विचारले, "ओवाळणीत शस्त्र घालतात का रे?"

माझे ऑफिस ठाण्याला आणि घर डोंबिवलीला आहे, परतीची लोकल बहुधा साडेआठ-नऊची असते, त्यामुळे भावाच्या काळजीला जागा होती. ते पेन मी मनापासून पर्समध्ये ठेवले आणि आता बरेच महिने रोज वागवले आहे. असे पेन रोज जवळ बाळगण्याजोगे असते का, या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार मला त्या ४२ ग्रॅमच्या ओझ्याने दिला आहे, असे मी समजते.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. टॅक्टिकल पेन म्हणजे लिहिताही येईल आणि वेळ आली तर स्वतःच्या बचावालाही वापरता येईल असे मजबूत पेन. पेनाचे अंग ॲल्युमिनियमच्या ६०६१ या क्रमांकाच्या मिश्रधातूचे आहे. विमानांचे आणि सायकलींचे भाग करायलाही हाच मिश्रधातू वापरतात. अंगभर तिरक्या बारीक खाचा आहेत, म्हणजे घामेजल्या मुठीतून ते निसटणार नाही. मागच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा, टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचा अणकुचीदार खिळा बसवलेला आहे, तो काच फोडण्यासाठी. यातली गंमत अशी, की साध्या बॉलपेनाच्या टोकात जी गोळी फिरते, तीही बहुधा टंगस्टन कार्बाइडचीच असते. म्हणजे फ्रिजवरचे ते ६ ग्रॅमचे गरीब पेनही कठीणपणात काही कमी नाही. फक्त त्याने आपले काठिण्य मोहरीहून लहान करून कागदावर फिरवायला लावले आहे, एवढाच फरक.

आपल्याकडे अशा वस्तूला गुप्ती म्हणत. वरून हातातली काठी आणि आत पाते, अशी ती सोय होती, आणि ती बाळगणारा माणूस रस्त्याने चालताना काठी टेकतो आहे असेच दिसे. टॅक्टिकल पेन ही गुप्तीची खिशातली आवृत्ती आहे, मात्र तिची वंशावळ जपानी आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले कराटेचे जपानी शिक्षक ताकायुकी कुबोटा यांनी १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातल्या स्त्रियांना साडेपाच इंचांची एक गोल कांडी वापरायला शिकवले. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायच्या त्या कांडीला पुढे 'कुबोटान' असेच नाव पडले. मुठीत धरल्यावर दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर राहील एवढी लांबी, आणि बाहेर आलेल्या टोकाने मनगटाच्या हाडावर किंवा बोटांच्या पेरांवर दाब द्यायचा, अशी ती विद्या होती. तीच कांडी पोकळ करून आत शाईची नळी घातली की झाले आजचे पेन. कांडी मात्र नुसती विकली गेली नव्हती, शिकवली गेली होती, आणि पेनाच्या डबीत मला शिक्षक सापडले नाहीत.

खरे सांगायचे तर मुंबईच्या बाईला या विषयात फार बाहेरचे शिकण्याची गरजही नाही. गर्दीच्या बसमध्ये पाठीशी नको तितका जवळ उभा राहणारा मनुष्य आला, की हातात उघडी सेफ्टी पिन धरायची, हे माझ्या मावशीने मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी सांगितले होते आणि मावशीला तिच्या मैत्रिणीने. या पिनेचे वजन कोणी केले नाही, तिला खाचा नाहीत, ती पदरावर किंवा ओढणीवर उघड्यावर बसलेली असते आणि लागेल त्या क्षणी अंगठ्याच्या एका हालचालीने सुटते. शिवाय तिच्याने कुणाचे फारसे वाईट होत नाही. "आई गं" असा आवाज येतो आणि पाठीमागे वीतभर जागा होते, एवढेच.

पेनाचे तसे नाही. एका रविवारी मी पर्स खांद्याला लावून, घड्याळ समोर ठेवून, कोणी अंगावर आले आहे अशी कल्पना करून ते बाहेर काढून पाहिले. डब्याची पिशवी, घडीची छत्री, पासाचे पाकीट, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आणि भाजीच्या दोन चुरगळलेल्या पिशव्या ओलांडून हात पेनापर्यंत पोहोचायला १७ सेकंद लागले, आणि तेही लिपस्टिक निघाले. मोटरसायकलवरून येऊन गळ्यातली साखळी ओढणारा एवढा वेळ थांबत नाही. ते पेन हातातच धरून चालावे, तर स्टेशनच्या जिन्यावर एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात कठडा असतो. कायद्याचेही भान ठेवावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला आवश्यक त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. घाबरलेल्या माणसाने ४२ ग्रॅमचा टोकदार धातू कुणाच्या डोळ्याजवळ नेला, तर आवश्यक तेवढे किती हे त्याला त्या घटकेला कळेल, अशी माझी तरी खात्री नाही.

एका विमानतळावर तर माझ्या आधी पेनालाच स्वतःचा बचाव करावा लागला. तपासणीच्या यंत्रातून पर्स बाहेर आली, जवानाने पेन काढून बोटांत फिरवले आणि विचारले, "पेन आहे, तर एवढे जड कशाला?" मला उत्तर सुचले नाही, महिनाभर मीही तेच विचारत होते. शेवटी मागे जाऊन छोटी बॅग सामानात द्यावी लागली आणि उतरल्यावर एका पेनासाठी पट्ट्यापाशी अर्धा तास उभे राहावे लागले. अमेरिकेच्या विमानतळांवरही असली पेने हातातल्या सामानात चालत नाहीत, असे भावाने मागाहून सांगितले. आधी सांगायला हरकत नव्हती.

राहिली काच. लोकलमध्ये या खिळ्याला काम नाही, कारण साध्या लोकलच्या खिडक्यांना गज असतात आणि दारे सताड उघडी. पण गाडीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिची चेष्टा माझ्याच्याने होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी मुंबईत काही माणसे बंद गाड्यांत गुदमरून गेली. पाणी चढले, विजेवर चालणारी कुलपे आणि काचा अडकल्या, आणि दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडेना. त्या दिवसानंतर आमच्या सोसायटीतल्या कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली होती, ती पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर माळ्यावर गेली.

गाडीच्या बाजूच्या काचा बहुतेक 'टफन' केलेल्या असतात. काच तापवून तिच्यावर एकदम गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, आणि वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो. म्हणून अशी काच कोपराने किंवा छत्रीच्या दांड्याने सहसा फुटत नाही. पण तो दाबाचा थर टिंबाएवढ्या जागी भेदला गेला, की आत अडकून पडलेला सगळा ताण मोकळा होतो आणि अख्खी काच एका क्षणात दाणेदार होते.

हे वाचून समाधान होईना, म्हणून मी आमच्या ओळखीच्या गॅरेजात गेले. अपघातात चेपलेल्या गाडीचे एक दार तिथे भिंतीला टेकवून ठेवले होते आणि त्याची काच शाबूत होती. गॅरेजवाल्या मामांनी मला चष्मा आणि हातमोजे दिले, दारापुढे गोणपाट पसरले आणि स्वतः चार पावले मागे जाऊन उभे राहिले. पहिला घाव मी बरोबर मधोमध घातला, पण दुसऱ्याची वस्तू फोडताना जो संकोच वाटतो तो मनगटात होता. 'टक्' असा आवाज झाला आणि पेन परत आले. "कोपऱ्यात, ताई. आणि लाजू नका," मामा म्हणाले. दुसरा घाव खालच्या कोपऱ्याशी घातला. क्षणभर काच पांढरी झाली, कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज तिच्या अंगभर पळाला, आणि मग वरपासून खालपर्यंत ती साबुदाण्यासारखी गोणपाटावर सांडली. मला फार आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

मामांनी मग मला पुढची काच दाखवली. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. मी पाच घाव घातले, पाच पांढऱ्या चांदण्या उमटल्या आणि काच जागची हलली नाही. काही नव्या, महागड्या गाड्यांना बाजूलाही अशाच काचा येतात, तिथे हा खिळा व्यर्थ. "शिवाय गाडीत पाणी भरल्यावर हात एवढा फिरेल का?" मामांनी विचारले आणि पाण्यात हात चालवावा तसा हळूहळू हात हलवून दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून मी स्प्रिंगचे एक छोटे यंत्र घेतले. ते काचेला टेकवून नुसते दाबायचे, आतला खिळा आपोआप सुटतो, हात उगारावा लागत नाही, आणि अडकलेला सीटबेल्ट कापायचे पाते त्यालाच आहे. ते चालकाच्या हाताशी, आसनाच्या कडेला कायमचे बांधले आहे. पर्स नेहमी मागच्या सीटवर असते, त्यामुळे पर्समधल्या पेनाने काच फुटण्याची आशा मी त्याच दिवशी सोडली.

तरीही ते पेन मी अजून बाळगते, आणि त्याचे कारण भावाला फारसे आवडणार नाही: ते चांगले लिहिते. भावाने त्यात पॉल फिशर या अमेरिकन पेननिर्मात्याने काढलेल्या पद्धतीची शाईची नळी घातली आहे. त्या नळीत नायट्रोजनचा दाब भरलेला असतो, तो शाईला मागून ढकलत राहतो, त्यामुळे पेन उलटे धरले तरी शाई टोकापर्यंत येते. १९६८ मध्ये अपोलो ७ या यानातून अशी पेने अंतराळात गेली होती. आमच्या घरी या नळीला अंतराळाइतकेच अवघड काम आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा, पेपरचा आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांचा हिशेब असतो, आणि भिंतीवर वरच्या बाजूला लिहिताना साधे बॉलपेन चौथ्या तारखेला दम सोडते. मग तळहातावर गिरगोट्या ओढायच्या, तोंडाची वाफ द्यायची, आणि शेवटी 'दीड लिटर' हा नुसता खरवडा उरायचा. हे पेन फोडणीच्या तेलाचा शिंतोडा पडलेल्या तारखेवरही लिहिते. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या चिलखताची आवश्यकता नव्हती, नळी पुरेशी होती, हे मला मान्य आहे.

चिलखताचा उपयोग मला गेल्या महिन्यात बँकेत कळला. शनिवारची गर्दी होती, दोऱ्याने बांधलेले पेन नेहमीप्रमाणे वाळलेले होते, आणि माझ्यापुढे एक ऐंशीच्या घरातले आजोबा पैसे काढायची स्लिप घेऊन उभे होते. सही जुळत नाही म्हणून ती दोनदा परत आली होती. त्यांचा हात थरथरत होता. हातातले हलके पेन प्रत्येक अक्षराला शेपूट काढत होते. मी माझे पुढे केले. "जड आहे हो," ते म्हणाले, आणि त्या जाड, खाचांच्या अंगावर त्यांची बोटे नीट बसली. हात काटकोनात टेकवून त्यांनी सावकाश सही केली; थरथर पूर्ण थांबली नव्हती, पण पेनाच्या वजनाने ती दाबली गेली होती, आणि आडनावाखालची लफ्फेदार रेघ सरळ आली. कंप असलेल्या लोकांना मुद्दाम जड, जाड पेन वापरायला देतात, हे मी नंतर वाचले. काचेपलीकडच्या बाईंनी सही पाहिली, संगणकावरची पाहिली, आणि शिक्का मारला.

आजोबा पेन परत द्यायचे विसरून ते उजेडात धरून पाहत राहिले. कुठे मिळते, केवढ्याला, हे विचारून झाल्यावर त्यांचे बोट मागच्या खिळ्याशी थांबले.

"आणि हे टोकदार काय आहे?"

"काच फोडायला आहे, आजोबा."

त्यांनी एकवार काउंटरच्या काचेकडे पाहिले, एकवार हातातल्या पैशांकडे, आणि पेन माझ्या हातात ठेवत हळूच म्हणाले, "मग पहिल्या वेळीच द्यायचं नाही का!"