म्हातारं कुत्रं-मांजर दत्तक घेताय? आधी एक वही आणा

पुण्यात पिल्लांना घर मिळतं. मिळत नाही ते दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरला, वर्षानुवर्षं पिल्लं काढून घेऊन ब्रीडरने सोडून दिलेल्या मादीला, मालक वारला किंवा परदेशी गेला म्हणून मागे राहिलेल्या बोक्याला. अशा एखाद्याला घरी आणावं असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हाताऱ्या जनावराला प्रेम लागतंच, पण तेवढीच मोजमापाचीही गरज असते. म्हणून पट्टा आणि भांडी नंतर घ्या. आधी एक शंभर पानी वही आणि वजनकाटा घ्या. म्हातारपणाचे आजार हळूहळू येतात. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाहीत, वहीत दिसतात.

त्याआधी घराचा विचार. नारायण पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर ३० किलोचा लॅब्रॅडॉर आणू नका. आज तो जिने चढेल, पण मागचे पाय कधी ना कधी थकणारच. मग दिवसातून तीनदा त्याला उचलून खाली नेणं कुणालाच झेपत नाही, आणि तो परत प्राण्यांच्या संस्थेत जातो. अशा घरात मांजर किंवा ८-१० किलोचं कुत्रं सुखाने राहतं. लिफ्ट असेल तर कुत्र्याला ती नाकारायचा सोसायटीला अधिकार नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ सालीच तशा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, पण आधी शेजाऱ्यांशी गोडीने बोला. महापालिकेचा परवानाही काढून घ्या, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

बावधनच्या रेस्क्यू ट्रस्टसारख्या संस्थेकडून घेत असाल किंवा थेट एखाद्या घरातून, आतापर्यंतचे सगळे कागद मागून घ्या. लसी कोणत्या झाल्या, नसबंदी झाली का, कोणती गोळी चालू आहे आणि कशासाठी. नसबंदी न झालेली म्हातारी मादी असेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, उलट्या करू लागली किंवा खालून स्राव दिसला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तपासण्या उरका: रक्ताची पूर्ण तपासणी, किडनी आणि लिव्हर, साखर, गोचीड-तापासाठी चाचणी, लघवी, आणि डॉक्टर म्हणतील तसा एक्स-रे किंवा सोनोग्राफी. मांजराचं ब्लडप्रेशर मोजून घ्या आणि एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) व ल्युकेमियाच्या विषाणूंची चाचणीही करा. लघवीची तपासणी बहुतेक लोक गाळतात, तिथेच चुकतं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. लघवी पातळ होणं त्याच्या आधी कळतं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत धरा आणि दोन तासांत पोचवा. डोळ्यांत निळसर धूसरपणा दिसला म्हणून मोतीबिंदू समजू नका. सात-आठ वर्षांनंतर भिंग घट्ट होत जातं, त्याने तसं दिसतं आणि नजर बऱ्यापैकी शाबूत असते. दात मात्र नीट बघून घ्या. 'म्हातारा झालाय, खात नाही' असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, त्याची बऱ्याचदा दाढ किडलेली किंवा हललेली असते आणि ती काढल्यावर तो आठवड्याभरात ताटली चाटून पुसून ठेवतो.

पहिले काही दिवस अंघोळ नको, पाहुणे नकोत, टेकडीवर नेणं तर नकोच. एक कोपरा, पाणी, जुनंच खाणं. नवं खाणं द्यायचं असेल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या. घरात आधीचे प्राणी असतील तर दोन आठवडे वेगळी खोली. घरात लघवी केली तर ओरडू नका. म्हातारं जनावर जास्त पाणी पितं, जास्त वेळा जातं, त्यामागे किडनी, साखर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांतलं काहीतरी असू शकतं.

आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स हा म्हाताऱ्या कुत्र्याचा मोठा शत्रू. एकदा घसरला की तो भितीने चालणंच कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्या वाळतात, आणि वाळलेल्या मांड्यांनी पुन्हा घसरतो. बिछान्यापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत खाली रबर असलेल्या चटया किंवा योगा मॅटच्या पट्ट्या सलग टाका. मध्ये मोकळी फरशी सोडू नका. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं टोकापासून थोडी थोडी कमी करा. झोपायला चार इंची फोम, त्यावर रेक्झिन आणि वर धुता येणारी गोधडी. फिरायला तळजाई टेकडी आवडत असली तरी चढ टाळा, सपाटीवर दहा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या एका लांब फेरीपेक्षा बऱ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच न्या. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजाही भाजेल.

आता वही. दर रविवारी वजन. काट्यावर आधी एकटं उभं राहायचं, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी करायची. मोठ्या कुत्र्याला महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर न्या. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम घटणं म्हणजे दहा टक्के वजन गेलं, हे हाताला कळत नाही. पाणी मोजायचं तर सकाळी एक लिटर मोजून भांड्यात भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. कुत्र्याने किलोमागे १०० मिलीच्या वर आणि मांजराने ५० मिलीच्या वर पाणी दोन-तीन दिवस सलग प्यायलं तर डॉक्टरांना आकडा सांगा. श्वास तो गाढ झोपलेला असताना मोजायचा: छाती वर आली, खाली गेली, एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवा. सलग दोन-तीनदा त्याहून जास्त आला तर हृदय किंवा फुफ्फुसाचं दुखणं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. मांजर पूर्ण एक दिवस जेवलं नाही तर फोन करा, दोन-तीन दिवस थांबलात तर लिव्हरमध्ये चरबी साचून नवाच आजार उभा राहतो.

सांधेदुखीत कुत्रं सहसा ओरडत नाही. उठायला वेळ लावतं, सोफ्याकडे बघून थांबतं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर विचार करतं. मांजर उडी मारायचं सोडतं, पाठीकडची लव चाटत नाही, तिथे केसांचे गठ्ठे होतात. यावर चांगली औषधं आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्यायची. घरातली क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला जीवघेणी असते, कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण आणि किडनीला इजा करतं. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकावरही उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर पुढचा डोस थांबवून फोन करा. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं गोचीडनाशक मांजराला कधीही लावू नका. गोचीड-ताप आणणाऱ्या एर्लिशिया या जंतूवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस चालतं. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि लोक गोळ्या बंद करतात, मग पावसाळ्यात तेच दुखणं डोकं वर काढतं. मांजराला ही गोळी दिल्यावर लगेच सिरिंजने पाच-सहा मिली पाणी पाजा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते.

किडनीचा आजार असलेल्या मांजराला घरी त्वचेखाली सलाईन देणं ऐकायला भीतीदायक वाटतं, पण दोनदा डॉक्टरांसमोर केलं की जमतं. रिंगर लॅक्टेट या सलाईनची ५०० मिलीची पिशवी, नळीचा सेट आणि १८ किंवा २० नंबरची सुई. केमिस्टने ग्लुकोजवालं सलाईन हातात दिलं तर परत करा, ते त्वचेखाली चालत नाही. पिशवी कोमट पाण्यात ठेवून हाताला कोमट लागेल इतपत गरम करा. थंड सलाईन आत जाताच मांजर पळतं. पिशवी पडद्याच्या दांडीला अडकवा, नळीतली हवा काढा. मांजराला टॉवेलवर, तोंड तुमच्यापासून लांब असं बसवा. खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीत, पाठीला समांतर घाला. थेंब पडत नसतील तर सुई जरा फिरवा, टोक आतून कातडीला टेकलेलं असतं. केस ओले झाले तर सुई आरपार गेली आहे. एका वेळेला साधारण १०० ते १५० मिली, नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतील. खांद्यावर उंचवटा येतो, तो कधी पुढच्या पायाकडे ओघळतो आणि काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल किंवा झोपेतला श्वास वाढला असेल तर पुढचं सलाईन देऊ नका. सुई दर वेळी नवी, वापरलेली जाड प्लास्टिकच्या बाटलीत.

गणपती आणि दिवाळीची तयारी दोन आठवडे आधी करा. ऐकू कमी येणाऱ्या कुत्र्यालाही ढोलाचा दणका छातीत जाणवतो. भीती कमी करणारं औषध हवं असेल तर डॉक्टरांना विचारून एखाद्या शांत दिवशी त्याचा डोस देऊन बघा. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने तो पडून राहतो, आतून घाबरलेलाच असतो. विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर घर असेल तर त्याला दोन दिवस कोथरूडच्या मावशीकडे हलवणं सगळ्यात बरं, फक्त त्याची गोधडी सोबत द्या.

आणि शेवट. तो वर्षाने येईल किंवा चार वर्षांनी, पण हा निर्णय धावपळीत घ्यायची पाळी येऊ देऊ नका. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी एक सोपी मोजणी दिली आहे: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे उत्तम. ७० पैकी बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं ठीक चाललंय असं धरतात. आठवड्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर भरा आणि मग शेजारी ठेवून बघा. आईला अजून आशा वाटते, बाबांना बघवत नाही, हा वाद आकड्यांसमोर पुष्कळ निवळतो. श्वास घेता येत नसेल किंवा वेदना औषधानेही आटोक्यात येत नसतील तर बाकीच्या गुणांना अर्थ राहत नाही.

डॉक्टर घरी येतात का, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, नंतर दहन कुठे होईल, हे सगळं तब्येत बरी असतानाच विचारून ठेवा. महापालिकेकडे, संस्थेकडे चौकशी करा. त्या वेळी संमतीपत्रावर सही घेतात. बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो झोपला की शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. हृदय काही मिनिटांतच थांबतं. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास आल्यासारखं होतं, लघवी होते. त्याला काही जाणवत नसतं, पण हे आधी ठाऊक नसेल तर तो क्षण मनात रुतून बसतो. शरीर घरी काही तास ठेवायचं असेल तर कडक व्हायच्या आत पाय दुमडून कुशीवर ठेवा, खाली जुनी वर्तमानपत्रं, पोटाजवळ टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. घरातल्या दुसऱ्या कुत्र्या-मांजराला हुंगू द्या.

मुलांना 'त्याला गावाला पाठवलं' असं सांगू नका. मेला, खूप आजारी होता, डॉक्टरांनी त्रास होऊ न देता मदत केली, एवढं पुरतं. घरातल्या आजोबांकडे विशेष लक्ष द्या. सकाळ-संध्याकाळची फेरी त्यांचीच असेल, तर त्यांच्या दिवसाचा आधारच गेलेला असतो. कुणीतरी पंधरा दिवस त्या वेळेला त्यांच्यासोबत चाला. 'कुत्रंच तर होतं' म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, ज्यांनी सांभाळलंय त्यांच्याशी बोला. 'घाई केली का' आणि 'उशीर केला का' हे दोन्ही प्रश्न बहुतेक सगळ्यांना पडतात, कधी एकाच रात्री. तेव्हा वही उघडा. शेवटच्या महिन्यातलं वजन, न खाल्लेले दिवस, घसरत गेलेले गुण तुमच्याच अक्षरात आहेत. ते वाचल्यावरही झोप लागत नसेल, कामावर लक्ष लागत नसेल आणि आठवडे उलटत असतील तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच नको.

नवीन प्राणी कधी आणायचा याला मुदत नाही. घरात दुसरं जनावर असेल तर ते खायला-खेळायला लागेपर्यंत तरी थांबा, ते महत्त्वाचं. थेट दत्तक नको वाटत असेल तर काही आठवड्यांसाठी फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळ, करता येतं. दरम्यान न उघडलेली औषधं, चटया, उचलायचा पट्टा संस्थेला फोन करून द्या, दुसऱ्या म्हाताऱ्याला लगेच लागतात. उघडलेल्या बाटल्या आणि फ्रिजबाहेर राहिलेलं इन्सुलिन मात्र देऊ नका.