पीक १.६ ला, बाँड २.०८ चा

निकेल ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल केले होते सोल-जेल या रासायनिक पद्धतीनं. आमच्या मराठवाड्यात फिजिक्सच्या पीएचडीला दर दुसरा माणूस फेराइट नाहीतर ऑक्साइडच करतो, त्यात नवं काही नाही. नवं होतं एक्झाफ्स, म्हणजे क्ष-किरण शोषले जाण्यातल्या बारीक चढ-उतारांवरून अणूचे शेजारी किती अन् किती अंतरावर हे काढायची पद्धत. इंदोरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (जोरदार क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) बीमटाइम, म्हणजे प्रयोगाची वेळ, मिळाला, संभाजीनगरहून रात्रीची बस धरली, बोरॉन नायट्राइडमध्ये मिसळून दाबलेल्या पेलेट डबीत घेतल्या. निकेलची के-एज, म्हणजे शोषण जिथं एकदम उडी मारतं ती ऊर्जा, ८३३३ ईव्हीला (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), स्कॅन निघाले, सोबत तुलनेसाठी निकेल फॉइलचाही (शुद्ध धातूचा पातळ पत्रा) काढून घेतला.

खरी मजा परत आल्यावर. अथेना या सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड काढून फूरिये ट्रान्सफॉर्म केलं, म्हणजे चढ-उतारांचं अंतरात रूपांतर केलं, तर पहिलं पीक १.६ अँगस्ट्रॉमच्या (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आसपास, अन् एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तन) निकेल-ऑक्सिजन अंतर येतं २.०९! सर म्हणले, "काय रे, अर्धा अँगस्ट्रॉम कुठं सांडला?" म्हणलं सर, फॉइलचं बघा, निकेल धातूत शेजारी अणू २.४९ वर असतो अन् पीक तिथंबी २.२ च्या जवळपासच दिसायलंय, म्हणजे सॅम्पल आकसलेलं नाही. क्ष-किरणानं निकेलमधून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची लाट शेजाऱ्यावर आपटून परत येते तेव्हा जाता-येता दोन्ही अणूंच्या पोटेन्शियलमुळं तिचा फेज (लाटेतल्या चढ-उताराची जागा) बदलतो, आणि हा बदल के (लाटेचा वेव्ह नंबर) नुसार होत असल्यानं अख्खं पीकच ०.३ ते ०.५ नं अलीकडं सरकतं. काही जण तोच आकडा बाँड लेन्थ म्हणून छापून मोकळे होतात, ते बघून डोकंच फिरतं.

मग आर्टेमिस, म्हणजे फिटिंगचं सॉफ्टवेअर. एक्सआरडीचं स्ट्रक्चर दिलं, फेफ या प्रोग्रॅमनं फेज काढला, के ३ ते १२ आणि आर (अंतर) १ ते ३ घेतलं. एवढ्यात स्वतंत्र माहिती जेमतेम ११ आकड्यांची, त्यामुळं पॅरामीटर मोकळे सोडायचे ते हात राखून. एस-नॉट-स्क्वेअर (सिग्नलची उंची ठरवणारा गुणक) फॉइलवरून ठरवून बांधून टाकला, नाहीतर तो कोऑर्डिनेशन नंबरसोबत (शेजारी अणूंची संख्या) खेळत बसतो. सगळ्यात जास्त लक्ष ई-झिरोवर (एजच्या ऊर्जेत करायची दुरुस्ती), कारण तो अन् अंतर एकमेकांत गुंतलेले असतात, तो १५ ईव्हीवर पळाला की फिट कितीबी देखणा दिसू द्या, अंतरावर विश्वास ठेवू नका.

शेवटी निकेल-ऑक्सिजन २.०८, निकेल-निकेल २.९५, दोन्हीला ०.०१ चा एरर. शेजारी निकेल मात्र १२ च्या जागी १० च निघाले. कण बारीक असले की पृष्ठभागावरच्या अणूंना शेजारी कमी मिळतात, पण या आकड्यालाच १०-२० टक्के एरर असतो, म्हणून थिसिसमध्ये त्यावर एकच ओळ लिहिली.